पाण्यावर गोळा केलेला वायू

उत्तर आधी बघायचं आणि मग गणिताकडे वळायचं, ही माझी पद्धत होती. विद्यार्थी असताना लागलेली सवय. शिकवायला लागलो तरी सुटली नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेला आकडा मनात धरायचा, आणि मग दिलेल्या संख्यांना गुणून, भागून, गरज पडली तर उलटंपालटं करून त्या आकड्यापाशी येऊन पोचायचं. पोचलो की जीव भांड्यात पडायचा. कुठल्या वाटेने आलो हे तपासायला सवड नसायची, कारण तोवर तासाची घंटा झालेली असायची.

मी बोलणारा माणूस नाही. घरातही माझी ख्याती तीच आहे. त्यामुळे हे लिहिताना सारखं वाटतंय की एवढ्याशा गणितासाठी पानं कशाला खर्ची घालायची. पण ते एक गणित मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

तेव्हा मी पूर्णेला होतो, रेल्वे जंक्शनच्या गावात. अकरावी-बारावीचा नवा आकृतिबंध नुकताच आला होता आणि आमच्या कॉलेजात सायन्सचा वर्ग निघाला होता. कॉलेज म्हणजे कापसाच्या जिनिंगचं एक जुनं गोदाम. मधे पत्रे ठोकून वर्ग पाडलेले. पत्र्याच्या अलीकडे सायन्स, पलीकडे आर्ट्स. पलीकडच्या इतिहासाच्या सरांचा आवाज असा खणखणीत की आमच्याकडे वनस्पतींची पानं शिकवताना मधेच तोफा उडायच्या. मी वनस्पतीशास्त्राचा पदवीधर. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती, पण तिसरा विषय म्हणून, आणि तीही काठावर निघालेली. नेमणूक एका वर्षापुरती. घरी वडील गावच्या देवळात पूजा करायचे. मला नोकरी लागली म्हणून त्यांनी देवाला अभिषेक घातला होता. ही नोकरी टिकवायचीच, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

पावसाळा संपता संपता केमिस्ट्रीचे सर बँकेत लागले आणि निघून गेले. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"केमिस्ट्री घ्याल ना?"

"सर, माझा विषय बॉटनी."

"अहो, अकरावीचं तर आहे. झाडाला पाणी घालता तसं अ‍ॅसिडला पाणी घाला. फरक काय त्यात?" ते आपल्याच विनोदावर हसले. अ‍ॅसिडमध्ये पाणी घालायचं नसतं, पाण्यात अ‍ॅसिड घालायचं असतं, एवढं मला येत होतं. पण मी तेही बोललो नाही. "पुढच्या वर्षीचं बघू मग," असं ते जाता जाता म्हणाले, आणि मी मान डोलावली.

त्या दिवसापासून प्रत्येक तासाची धास्ती असायची. स्टेशनाजवळ भाड्याची खोली होती. सकाळी यार्डात इंजिनांची ये-जा सुरू झाली की मी वही घेऊन बसायचो. त्या दिवशीची गणितं, त्यांची उत्तरं, उत्तरापर्यंतचा रस्ता. चहा समोर निवत असायचा. वर्गात शिरताना पहिल्यांदा मागच्या बाकांकडे बघायचो, कोण आज प्रश्न विचारायच्या बेतात आहे ते. एखाद्याने नुसतं डोकं खाजवायला हात वर केला तरी मी पटकन फळ्याकडे वळायचो.

पण प्रश्न मागच्या बाकावरून यायचे नाहीत. ते यायचे दाराजवळच्या पहिल्या बाकावरून.

वर्गात मुली तीनच. त्यातली ही रेल्वेच्या क्वार्टरमधून यायची. वडील रुळांवर काम करणारे, गँगमन. घर बौद्धांचं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून दहावी झालेली आणि इथे एकदम सगळं इंग्रजीत. व्याख्या लिहायची म्हटलं की तिचा पेन अडायचा. स्पेलिंगं अशी काही लिहायची की मागची पोरं पेपर बघून खिदळायची. पण गणित तिला दिसायचं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आम्ही आकडे ढकलत बसायचो, तिला ते भांडं, ते पाणी, तो वायू समोर दिसायचा.

द्रावणांचा धडा होता. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं दशांश नॉर्मल द्रावण, अडीचशे मिलिलिटर. वजन किती घ्यायचं ते मी फळ्यावर काढून दिलं आणि म्हणालो, "हे चंबूत टाकायचं, थोड्या पाण्यात विरघळवायचं, आणि मग मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं."

एका पोराने विचारलं, "सर, आदुगरच अडीचशे मिली पाणी मोजून घेतलं आन त्यात टाकलं तर?"

"तसं करायचं नसतं."

"का बरं सर?"

"पुस्तकात तसं दिलेलं आहे."

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "साखर टाकल्यावर पेल्यातलं पाणी वर चढतंय की. मग ते अडीचशेच्या पुढं जाईल."

बरोबर होतं. मी "शांत बसा" म्हणालो आणि पुढचं गणित घेतलं. तिला शाबास म्हणायला हवं होतं. त्याच आठवड्यात एका अडत्याच्या मुलाने माझं फळ्यावरचं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं, तेव्हा मी हसून "शाबास, लक्ष आहे तुझं" असं म्हणालो होतो. हे दोन प्रसंग एकापुढे एक ठेवून मी पुढे बराच काळ बघत राहिलो. त्यात मला जे दिसतं ते चांगलं नाही, आणि ते नाकारण्यात आता अर्थ नाही.

कॉलेजचा एक नियम होता, म्हणजे प्राचार्यांनीच पाडलेला रिवाज. सहामाहीत सायन्सच्या एका जरी विषयात नापास झालं तर त्या मुलाला पत्र्यापलीकडे आर्ट्समध्ये पाठवायचं. बारावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून. तिच्या वडिलांना हे ठाऊक होतं. नाव घालतानाच ते आले होते. खाकी सदरा, पायात जड बूट. म्हणाले होते, "पोरगी म्हणती रेल्वेच्या दवाखान्यात रक्त तपासायची खोली हाय, तिथं काम करायचं. त्याला सायन्स लागतंय म्हणं. सहामाहीला पास झाली तर आपली ना न्हाई, शिकू द्या किती बी. न्हाई झाली तर मग आर्ट्स, आन डी.एड. लय वढून न्यायचं न्हाई." ती बाजूला उभी होती. खाली बघत नव्हती, प्राचार्यांच्या टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडे बघत होती.

म्हणजे तिचं सगळं त्या सहामाहीवर अडकलं होतं. आणि केमिस्ट्रीत व्याख्या तिला येणार नव्हत्या. तरायची ती गणितांवर.

वायूंचा धडा आला. सरकारी पुस्तक अजून आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एका छापखान्यात काढलेलं पातळ गाईड तेवढं सगळ्यांकडे होतं, माझ्याकडेही तेच. त्यात एक गणित होतं, पाण्यावर गोळा केलेल्या वायूचं. जे केमिस्ट्री शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, अवघड नाही. परातीत पाणी असतं, त्यात पाण्याने भरलेली बरणी पालथी घातलेली. नळीने वायू आत सोडला की बुडबुडे वर चढतात, पाणी खाली उतरतं, आणि बरणीत वायू जमतो. पण तो पाण्यातून आलेला असतो, ओला असतो. म्हणजे बरणीत वायूबरोबर पाण्याची वाफही असते. आपण जो दाब मोजतो तो दोघांचा मिळून. नुसत्या कोरड्या वायूचा दाब हवा असेल तर वाफेचा दाब वजा करायचा, आणि मग शून्य अंश तापमानाला, हवेच्या प्रमाण दाबाला त्याचं आकारमान किती होईल ते काढायचं. बस.

त्या सकाळी मी वजाच केलं होतं. कॉलेजात कधीतरी ऐकलेलं अंधुक आठवत होतं. उत्तर आलं तीनशे बत्तीस मिलिलिटर. गाईडच्या मागे छापलं होतं तीनशे छप्पन.

पुन्हा केलं. तीनशे बत्तीस. तापमानात दोनशे त्र्याहत्तर मिळवायला विसरलो का? नव्हतो विसरलो. वर-खाली अदलाबदल करून पाहिली, उत्तर भलतीकडेच गेलं. माझी कॉलेजची पुस्तकं गावी. विचारायला कोणी नाही. प्राचार्यांना विचारायचं म्हणजे येत नाही असं आपल्या तोंडाने सांगणं. दुसराच तास माझा होता. शेवटी, काही सुचेना म्हणून, वाफेचा दाब वजा करायच्या ऐवजी मिळवून पाहिला.

तीनशे छप्पन. पुढच्या दशांशासकट.

इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नसेल. इतकं बिनचूक जुळतंय म्हणजे हेच खरं, माझीच आठवण चुकीची. गाईड लिहिणाऱ्याचा हात चुकला असेल असं मनात आलंच नाही. किंवा आलं असेल, मी त्याला आत येऊ दिलं नाही. कपडे घालता घालता मी कारणही तयार केलं. वाफसुद्धा दाब देते, तो दाब धरायला नको का? म्हणून मिळवायचा.

वर्गात मी ते फळ्यावर मांडलं, कारण सांगितलं, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. पोरांनी गाईडमध्ये मागे पाहिलं, आकडा जुळला, सगळे खूश. ती उभी राहिली.

"सर, वजा करावं लागंल ना?"

"का?"

"वाफ तर आधीच बरणीत बसल्याली हाय. मोजलेल्या दाबात तिचा बी दाब आला." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हंजे बघा सर, डब्यात समदे मिळून माणसं मोजली. त्यात विनातिकीटवाले बी बसल्यालेच हायेत. आपल्याला तिकीटवाले किती ते पाहिजेत, तर विनातिकीटवाले खाली उतरवावे लागतेत. तुमी तर ते पुन्यांदा चढवायलात."

वर्ग हशाने फुटला. मागून एकजण ओरडला, "टीसी आली रे, तिकिटं काढा!" दुसरा म्हणाला, "टीसीची पोरगी हायेस का गं?"

ती मागे वळून म्हणाली, "टीसीची न्हाई. गँगमनची."

त्या गोंगाटात मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. तिने सांगितलं त्याच क्षणी मला कळलं होतं. यात कुठे 'नंतर लक्षात आलं' असं काही नाही. ती बरणी पहिल्यांदा मला समोर दिसली, आत वायू, आत वाफ. सकाळचं तीनशे बत्तीस बरोबर होतं. आता वळायचं आणि म्हणायचं, थांबा, ही म्हणते ते बरोबर आहे. एवढंच. पण मला दिसले ते प्राचार्य. केमिस्ट्री येत नाही, पोरगी शिकवते सरांना, ही गोष्ट दुपारपर्यंत स्टेशनावरच्या चहाच्या टपरीवर पोचली असती.

मी वळलो आणि विचारलं, "तुझं उत्तर किती येतं?"

"तीनशे बत्तीस."

"आणि छापलंय किती?"

"तीनशे छप्पन."

"मग?"

तिने गाईड उलटसुलट केलं. "छापणाऱ्याचं चुकलं असंल सर."

पुन्हा हशा. मला तो हशा हवाच होता, त्याच्यावर स्वार होऊन मी म्हणालो, "छापणाऱ्याचं चुकलं, सरांचं चुकलं, अख्ख्या वर्गाचं चुकलं. बाईसाहेबांचं तेवढं बरोबर. राहा उभी तशीच."

घंटा होईपर्यंत ती उभी होती. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

सहामाहीचा पेपर मीच काढला. ते गणित घालायची गरज नव्हती. तरी घातलं, तेच, त्याच आकड्यांचं. पोरांना ते पाठ झालं होतं, मार्क पडले असते, माझा निकाल चांगला दिसला असता. आणि मनाशी मी असंही म्हटलं की तीसुद्धा आता मिळवूनच लिहील. शहाणी मुलगी आहे, मार्कांसाठी लिहील, पास होईल, आणि तीही सुटेल नि मीही.

पेपर तपासायला घेतले तेव्हा सगळ्यांचं तीनशे छप्पन. तिचं तीनशे बत्तीस. वजाबाकी स्वच्छ मांडलेली. खाली एक रेघ.

व्याख्या नेहमीसारख्या अर्ध्यामुर्ध्या होत्या. द्रावणाच्या गणितात तिने मी सांगितलेल्या पायऱ्या गाळून सरळ उत्तर लिहिलं होतं, तिथे मी मार्क कापले होते. आता या एका गणितावर ती पास की नापास, असं येऊन ठेपलं.

मी मार्क दिले. हे मला सांगायचंच आहे, मी आधी मार्क दिले होते. मग मनात आलं, उद्या पेपर मुलांच्या हातात जाणार. अडत्याचा मुलगा प्रत्येकाचा पेपर मागून बघतो. हिच्या तीनशे बत्तीसला मार्क आणि आपल्या तीनशे छप्पनलाही मार्क? सर, दोन्ही बरोबर कसं? मी दिलेला आकडा खोडला आणि शून्य घातलं.

दुसरीकडे कुठे सढळ हाताने मार्क देऊन तिला काठाला लावता आलं असतं. कुणी विचारलं नसतं. ते मी का केलं नाही, याचं उत्तर बरीच वर्षं मी 'सुचलं नाही' असं देत आलो. खोटं आहे ते. सुचलं होतं. पण ती वर्गात असेपर्यंत माझी धास्ती जाणार नव्हती. आज हे गणित, उद्या दुसरं. ती पत्र्यापलीकडे गेली तर मी निवांत होणार होतो. भीती वाटायची मला तिची, सोळा-सतरा वर्षांच्या पोरीची.

पेपर दिले तेव्हा ती टेबलापाशी आली. "सर, ह्याला शून्य?"

"पद्धत चुकली."

तिने पेपरकडे पाहिलं. खोडलेला आकडा तिला दिसला असेल. मी नीट खोडला नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

दोन-चार दिवसांनी तिचे वडील आले. प्राचार्यांकडे न जाता सरळ माझ्याकडे, प्रयोगशाळेच्या दाराशी. मी बुरेट, द्रव मोजायची काचेची नळी, धूत होतो. आत या म्हणालो, तर बूट मळलेत म्हणाले आणि बाहेरच उभे राहिले.

"सर, दोन दिस झाले, पोरगी जेवंना. म्हणायलीय, माझं गणित बरोबर हाय. मी म्हणलं, सर जास्ती शिकल्येत का तू? तर म्हणती, शिकू द्या किती बी, वाफ काय त्यांचं ऐकती व्हय." ते हसले. लेकीचं त्यांना कौतुकच होतं. "आता मला तर ह्यातलं काय कळत न्हाई. तवा तुमी सांगा. तुमी म्हणला बरोबर हाय, तर मी मोठ्या सरांपशी जाऊन भांडतो. तुमी म्हणला चूक हाय, तर घरी जाऊन तिला समजावतो. इषय संपला."

मी नळ बंद केला. पुन्हा चालू केला. म्हणालो, "तसं काही नाही. हुशार आहे ती. इंग्रजी जरा कच्चं आहे. आर्ट्सला गेली तर चांगले मार्क मिळवील."

त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "इंग्रजीचं न्हाई, सर. गणिताचं इचारलं मी."

इतकं सरळ मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. मी बुरेटकडे बघत म्हणालो, "चूक आहे."

"बरं," ते म्हणाले. लेकीसारखंच. आणि गेले.

ती आर्ट्सला गेली. काही दिवस मी निवांत होतो, हेही खरं. नंतर सरकारी पुस्तकं आली. त्यात अर्थातच वजा होतं. ही पोरं बारावीला बोर्डाचा पेपर लिहिणार, तो बाहेरचे परीक्षक तपासणार. सगळा वर्ग तीनशे छप्पनच्या रस्त्याने गेला तर चौकशी माझ्याकडे येणार. तेव्हा ते दुरुस्त करणं भाग होतं. मी तो तास निवडला ज्या तासाला पलीकडे इतिहासाचे सर असायचे. त्यांच्या आवाजात माझा झाकून जाईल, असा हिशेब. आर्ट्सच्या मुलींचा बाक नेमका पत्र्याला टेकलेला होता.

मी फळ्यावर गणित लिहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणालो, "इथे वाफेचा दाब वजा करायचा."

"सर, जोरात सांगा की! पलीकडं लढाई पेटलीय, ऐकू येईना."

"वजा," मी पुन्हा म्हणालो, तेवढ्याच आवाजात.

अडत्याच्या मुलाने विचारलं, "मागं मिळवायचा म्हणला होता ना सर?"

"ते गणित वेगळं होतं."

"काय म्हणले रे सर?" मागच्या बाकावरून कुणीतरी. आणि पुढच्याने मागे वळून घसा ताणून सांगितलं, "वजा म्हणले, वजा! मिळवायचं न्हाई, वजा करायचं!" मग ते बाकाबाकांतून मागे गेलं, वजा, वजा, वजा. पलीकडे इतिहासाचे सर नेमके त्याच वेळी खडू बदलायला की काय, थांबले होते.

मी फळा पुसून टाकला.

पुढच्या वर्षी माझी पुन्हा नेमणूक झाली. पुढे कायम झालो. केमिस्ट्री मी नंतर मनापासून शिकलो, हे सांगण्यात काही अर्थ नाही, पण शिकलो. गाईड वापरलं नाही कधी. उत्तराचं पान आधी बघणं सोडलं. तिच्याबद्दल कुणाला विचारलं मात्र नाही.

बऱ्याच वर्षांनी देवगाव फाट्यावर बसची वाट बघत उभा होतो. बाजूच्या हॉटेलच्या बाकड्यावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठून समोर आल्या.

"सर, ओळखलं का?"

दुरूनच ओळखलं होतं, आणि तोंड फिरवून उभा राहिलो होतो. म्हणालो, "चेहरा ओळखीचा वाटतोय."

"गँगमनची," ती म्हणाली आणि मोकळी हसली.

वालूरला प्राथमिक शाळेवर होती. डी.एड. केलं होतं. "काय शिकवतेस?" मी विचारलं. "समदंच. एकाच वर्गात दोन इयत्ता बसल्यात, काय शिकवीत न्हाई ते इचारा." मग थोडं वाकून, गंमत सांगावी तशी म्हणाली, "सर, ते विनातिकीटवाले उतरवले ना शेवटी?"

"म्हणजे?" मी म्हणालो. म्हणजे, असं विचारायला माझी जीभ वळली.

"तुमी लय हळू बोलला हो. पण पोरं वरडली की. समदं ऐकू आलं पत्र्यातून. आदी हसू आलं मला. मग रडाया लागले. तर आमचे इतिहासाचे सर म्हणले, लढाईत आपलंच सैन्य जिंकलंय पोरी, रडायलीस काय?"

ती हसत होती. रागावली होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. मी विचारलं, "वडील कसे आहेत?"

"बरे हायेत. रिटायर झाले. पूर्णेलाच घर बांधलं." तिने पिशवी खांद्याला लावली, वालूरकडची बस वळत होती. "अजून कदी इषय निघाला तर म्हणतेत, सर म्हणले चूक हाय म्हंजे चूक हाय. तू उगं हट्ट करत होतीस. मी सोडून दिलं सांगायचं. कितीदा सांगावं?"

बस थांबली. चार शब्दांचं काम होतं. "जपून जा," मी म्हणालो. ती गेली.

तेव्हा पूर्णेची बस पकडून मी तिच्या घरी जाऊ शकलो असतो. तिच्या वडिलांचा बंगला नाही की शिपाई नाही. दार वाजवून सांगायचं फक्त. गेलो नाही. तिथून माझी बस आली आणि मी घरी आलो, जेवलो, झोपलो. आता ते असतील की नाही, मला ठाऊक नाही. असले तर वय झालं असेल, हे कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. तर जो कुणी वाचून दाखवील त्याने एवढंच दाखवलं तरी चालेल:

तुम्ही दाराबाहेर उभे राहून गणिताचं विचारलं होतं. मी इंग्रजीचं बोललो, आणि मग खोटं बोललो. वजाच करायचं असतं. उत्तर तीनशे बत्तीस. तुमच्या मुलीचं बरोबर होतं, आणि ते मला त्या दिवशीही माहीत होतं.